मोठ्या साठ्याचा म्युझिक प्लेअर घेताना: जीबीआधी तास मोजा

दिवाळीच्या आधी मामांचा फोन आला. "अगं, गाणी ऐकायला मोबाईलपेक्षा वेगळं काहीतरी घ्यायचंय. सगळा संग्रह त्यात मावला पाहिजे. किती जीबीचं घेऊ?"

मामा मिरजेला राहतात. त्यांच्या एका कपाटाचे तीन खण नुसत्या कॅसेटींनी भरलेले आहेत. आकाशवाणीवरून टेप केलेल्या मैफली, उरुसात दर्ग्यात झालेली गाणी, नाट्यसंगीत, कुणाकुणाकडून नकलून आणलेलं बरंच काही. शिवाय साठेक सीडी. हे सगळं माझ्या भावाने दोन वर्षं खपून संगणकावर उतरवून घेतलंय. मी मामांना उलट विचारलं, "एकूण गाणं किती तासांचं आहे?"

"कॅसेटी मोजल्यात, दोनशे दहा. तास कोण मोजणार?"

माझ्या मते प्लेअर घेण्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. दुकानात आणि ऑनलाइन दोन्हीकडे 'इतक्या हजार गाण्यांची जागा' असं लिहितात, तेव्हा एक गाणं तीन-चार मिनिटांचं धरलेलं असतं. आपल्याकडे एक विलंबित ख्यालच पन्नास मिनिटं चालतो. त्यामुळे गाण्यांची संख्या सोडून द्या आणि तास मोजा. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे दीड तास, साठची म्हणजे एक तास. मामांच्या कॅसेटी निम्म्याहून जास्त नव्वदच्या निघाल्या. कॅसेटींचे मिळून २७० तास झाले आणि सीडींचे साधारण ६५. एकूण ३३५ तास.

आता या ३३५ तासांना जागा किती लागेल? उत्तर १९ जीबी असू शकतं आणि १४०० जीबीही असू शकतं. गाणं तेच, तास तेवढेच. हा फरक कुठून येतो ते एकदा कळलं की दुकानदाराच्या निम्म्या बोलण्याची गरज उरत नाही.

एका मिनिटाचं वजन

सीडीवर आवाज कसा साठवतात ते पाहू. आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर लाट आहे ते टिपून ठेवतात. डावा आणि उजवा असे दोन कान, म्हणून हे दोनदा. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात, आणि आठ बिटांचा एक बाइट धरून मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. तासाला ६३५ एमबी. ही मोजपट्टी लक्षात ठेवा, बाकीचं सगळं हिच्याशी ताडून बघता येतं.

४४,१०० हा आकडा का निवडला? एखादी कंपनं नीट पकडायची तर त्यांच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. माणसाचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि वय वाढतं तशी ती मर्यादा खाली येते. ४४,१०० चं निम्मं २२,०५० होतं. कानाला पुरून वर थोडी जागा राहते.

आता हे वजन कमी करायच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्या एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत.

पहिली तऱ्हा गादी-उशा घडी घालून पिशवीत कोंबण्यासारखी. पिशवी उघडली की सगळं जसंच्या तसं. फ्लॅक हा असा प्रकार आहे. अ‍ॅपलचा अलॅक त्याच जातीचा. फाईल मूळच्या साधारण ५० ते ६० टक्क्यांवर येते, पण वाजवताना एकही बिट हरवलेला नसतो. मला फ्लॅकची आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. फाईलच्या आतच मूळ आवाजाचा एक पडताळा-आकडा साठवलेला असतो. दहा वर्षांनी एखादी फाईल बिघडली आहे का ही शंका आली, तर संगणकाला तपासायला सांगता येतं आणि तो हो किंवा नाही असं स्पष्ट उत्तर देतो. वडिलांनी जपलेलं ध्वनिमुद्रण पुढच्या पिढीकडे द्यायचं असेल तर ही सोय लहान नाही.

दुसरी तऱ्हा गाळण्याची. एमपीथ्री, एएसी, ओपस हे त्यातले. एखादा मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळपासच्या पट्टीतला बारीक आवाज कानाला कळत नाही. मग तो साठवायचाच कशाला, असा हा हिशोब. सेकंदाला किती बिट वापरायचे हे आपण ठरवतो, त्यालाच बिटरेट म्हणतात. ३२० चा, म्हणजे सेकंदाला ३२० हजार बिटांचा, एमपीथ्री तासाला १४४ एमबी घेतो. १२८ चा घेतला तर ५८ एमबीच्या आत.

गाळलेलं कळतं का? ३२० ला मला कळत नाही, आणि डोळे झाकून ऐकलं तर बहुतेकांना कळणार नाही. पण बिटरेट फार खाली आणला की आपल्या संगीतात पहिली फसते ती तानपुरा. जवारीतून, म्हणजे तारांच्या गुंजनातून, निघणाऱ्या स्वरांच्या बारीक बारीक धाग्यांचं जाळं सतत हलत असतं, आणि गाळणी त्यालाच हात घालते. ६४ बिटरेटच्या फाईलमध्ये तानपुरा पाण्याखालून आल्यासारखी, चुबुकचुबुक वाजते. टाळ्यांचंही तसंच होतं. कुणी पेन ड्राइव्हवर गाणी दिली तर मी आधी टाळ्यांची जागा शोधून ऐकते.

एक चूक आवर्जून टाळा. एमपीथ्रीची फाईल फ्लॅकमध्ये बदलून 'क्वालिटी वाढली' असं समजू नका. चहा गाळल्यावर चोथा टाकून दिला की तो भांडं मोठं केल्याने परत येत नाही. फाईल काही पट फुगते, ऐकू मात्र तेवढंच येतं. संग्रहात जे आधीच एमपीथ्री असेल ते एमपीथ्रीच राहू द्या.

मग 'हाय रेझोल्यूशन' म्हणून जे विकतात ते काय? तिथे सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० मापं घेतात आणि प्रत्येक माप २४ बिटांत लिहितात. ९६ हजारवाल्याला तासाला दोन जीबीच्या थोडं वर जागा लागते, १९२ हजारवाल्याला चार जीबीच्या वर. स्टुडिओत ध्वनिमुद्रण करताना याचा उपयोग असतो, कारण तिथे आवाज पुढे कमीजास्त करायचा असतो आणि हाताशी जास्त पायऱ्या लागतात. कॅसेट संगणकावर उतरवतानाही २४ बिटांवर घ्यावी, पातळी थोडी चुकली तरी सावरता येतं. पण शेवटी ऐकायच्या प्रतीला सीडीइतका दर्जा भरपूर झाला. १६ बिटांत सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल धरता येतं. साध्या कॅसेटवर ते पन्नास-साठच्या आसपासच असतं, त्याखाली टेपचा सूं आवाज. चाळीस वर्षांपूर्वी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून पकडलेला मारवा १,९२,००० मापांत साठवला तर जास्तीच्या जागेत तो सूं आवाजच अधिक तपशिलाने साठतो.

आता मामांचा हिशोब पुन्हा मांडू. ३३५ तास १२८ बिटरेटला गाळून १९ जीबी. ३२० ला ४८ जीबी. सीडीच्या दर्जाचं फ्लॅक केलं तर १२० ते १३० जीबी. आणि सगळं १९२ हजारवर, न दाबता, कच्चं ठेवलं तर १४०० जीबीच्या जवळ. मी मामांना फ्लॅक सुचवलं. आज १३० जीबी, पुढच्या काही वर्षांत आणखी येईल ते धरून २५६ जीबीचं मेमरी कार्ड पुरेल. ऐसपैस राहायचं तर ५१२. दोन टीबीच्या मागे लागायचं काहीच कारण नव्हतं.

कार्डावर लिहिलेला आकडा आणि संगणकात दिसणारा आकडा यांत फरक असतो, तो पाहून घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. २५६ चं कार्ड २३८ दिसतं, ५१२ चं ४७६ आणि एक टीबीचं ९३१. यात फसवणूक काही नाही.

आतली जागा की कार्ड

२००१ साली पहिला आयपॉड आला तेव्हा त्यात पाच जीबीची हार्ड डिस्क होती, पावणेदोन इंचांची, खरोखर फिरणारी. सतत फिरत राहिली तर बॅटरी खाते आणि धक्का बसला तर अडखळते, म्हणून पुढची काही गाणी ३२ एमबीच्या स्मृतीत आधीच उचलून ठेवायची आणि डिस्क थांबवायची अशी युक्ती त्यात होती. २००९ च्या आयपॉड क्लासिकमध्ये १६० जीबी मावत होते. मोठा संग्रह असलेल्या लोकांनी त्याच्यावर जीव टाकला. २०१४ साली तो बंद झाला आणि २०२२ मध्ये आयपॉड टचसोबत आयपॉड हे नावच संपलं. कारण उघड होतं. लोक गाणी साठवायची सोडून इंटरनेटवरून ऐकायला लागले.

ज्यांचं गाणं इंटरनेटवर मिळतं त्यांचं त्यात भागतं. पण उरुसातल्या पहाटेची ती मैफल कुठल्याच अ‍ॅपवर नाही. ती मामांच्या कपाटात आहे. अ‍ॅपमधून 'डाउनलोड' केलेलं गाणंही आपलं नसतं, वर्गणी थांबली की ते वाजत नाही. गाणी आधीच भरून मिळणारे डबे येतात, कारवां वगैरे. घरातल्या ज्येष्ठांना ते सोपे पडतात आणि जुन्या गाण्यांसाठी चांगलेही आहेत. पण तिथे निवड कंपनीची असते. स्वतःचा संग्रह सांभाळायचा तर स्वतःच्या फाईली वाजवणारं यंत्र हवं.

आजचे प्लेअर सोनी, फिओ, हायबी, शानलिंग, अ‍ॅस्टेल अँड केर्न अशा कंपन्यांचे असतात. किमती काही हजारांपासून लाखांच्या घरात. फिरती डिस्क आता कुठेच नाही, सगळं चिपवर. महागातल्या सोनी वॉकमनमध्ये आतच २५६ जीबी मिळतात, बऱ्याच मॉडेलांत मात्र आतली जागा ३२ किंवा ६४ जीबीच असते आणि त्यातली बरीचशी अँड्रॉइडच खाऊन टाकतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आतल्या जागेसाठी जादा पैसे मोजू नका, मायक्रो एसडी कार्डाची खाच असलेला प्लेअर घ्या. प्लेअरची बॅटरी चार-सहा वर्षांत थकेल, कार्ड काढून दुसऱ्या यंत्रात घालता येईल. संग्रह वाढला तर कार्ड बदला, प्लेअर तोच ठेवा.

कार्डांच्याही जाती आहेत. ३२ जीबीपर्यंतच्यांना एसडीएचसी म्हणतात, त्यापुढे दोन टीबीपर्यंत एसडीएक्ससी. जुना प्लेअर घेणार असाल तर त्याला दुसरी जात चालते का ते आधी पाहा. मोठं कार्ड सहसा एक्सफॅट या पद्धतीने फॉर्मॅट केलेलं येतं आणि काही जुन्या यंत्रांना ते वाचताच येत नाही. त्यांना फॅट३२ लागतं, त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल ठेवता येत नाही. गाण्याला ही अडचण क्वचितच येते. रात्रभराची मैफल न तोडता एका फाईलीत कच्ची ठेवली असेल तरच.

वेगाचे आकडे वाचून दबून जाऊ नका. कार्डावर व्ही३०, ए२ अशा खुणा असतात, त्या व्हिडिओ शूटिंगसाठी आणि मोबाईलची अ‍ॅप चालवण्यासाठी. १९२ हजारवाल्या जड गाण्यालाही सेकंदाला सव्वा एमबीच्या आतच लागतं. साधं क्लास १० कार्ड सेकंदाला किमान दहा एमबी लिहितं. वेगाचा उपयोग एकदाच होतो, पहिल्यांदा सगळं भरताना. १३० जीबी सेकंदाला वीस एमबीने भरायला पावणेदोन-दोन तास जातात. प्लेअर केबलने जोडून भरण्यापेक्षा कार्ड काढून चांगल्या कार्ड रीडरमध्ये घालून भरलेलं बरं.

वेगापेक्षा खरेपणा तपासा. हे मी अनुभवाने सांगते. तीन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ५१२ जीबीचं कार्ड घेतलं, बाजारभावाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यात. वेष्टन नेहमीसारखं, संगणकातही ४७६ दिसत होते. संध्याकाळभर गाणी भरली, यादीत सगळी नावं आली. प्रवासात मल्लिकार्जुन मन्सूर लावले, चार मिनिटांनी आवाज थांबला. पुढची फाईल लावली, ती उघडलीच नाही. त्यापुढचीही नाही. अशा कार्डात खरी जागा थोडीच असते, पण आतला नियंत्रक संगणकाला खोटा आकडा सांगतो. जागा संपली की नवीन माहिती एकतर फेकून दिली जाते किंवा जुनीवर लिहिली जाते. नावं दिसतात, आत काही नसतं. मूळ फाईली संगणकावर होत्या म्हणून निभावलं.

तेव्हापासून कुठलंही नवीन कार्ड आलं की पहिल्या रात्री ते तपासायला लावते. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ-थ्री असे मोफत प्रोग्राम आहेत. ते कार्ड शेवटच्या कोपऱ्यापर्यंत भरतात आणि परत वाचून ताडून पाहतात. ५१२ जीबीला सहा-सात तास लागतात. एवढं करून झाल्याशिवाय कार्डावर एकही गाणं टाकू नका.

मावतं, पण सापडतं का

आता मला ज्याची सगळ्यांत जास्त कळकळ आहे तो भाग. जागा आज स्वस्त झाली आहे. कठीण आहे ते तीन-चार हजार फाईलींतून हवी ती काढणं. दुकानात प्लेअर हातात घेतात, एक गाणं लावून पाहतात आणि खुश होतात. एक गाणं तर कुठल्याही प्लेअरमध्ये सापडतं.

प्लेअर कार्ड वाचतो तेव्हा फाईलच्या नावाकडे फारसं बघत नाही. प्रत्येक फाईलच्या आत कलाकार, अल्बम, ट्रॅक क्रमांक अशा चिठ्ठ्या लिहिलेल्या असतात, त्यांना टॅग म्हणतात. त्या चिठ्ठ्यांवरून तो सूची बनवतो. चिठ्ठ्या विस्कळीत असतील तर सूचीही तशीच. भावाने उतरवलेला संग्रह मी पहिल्यांदा उघडला तेव्हा कलाकारांच्या यादीत 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' आणि रोमन लिपीतले आणखी दोन असे पाच वेगळे गायक होते. शिवाय निम्मे कलाकार 'पं' खाली आणि उरलेले 'उ' खाली गोळा झालेले, कारण सगळे पंडित नाहीतर उस्ताद.

मी म्हटलं, उपाधी काढून टाकू. मामांना ते पटलं नाही. "नुसतं भीमसेन जोशी कसं लिहायचं?" त्यांचं म्हणणं रास्तच होतं. मग वाचनालयाच्या कार्डांवर लिहितात तसं केलं: 'भीमसेन जोशी, पं.', 'किशोरी आमोणकर, वि.' (वि. म्हणजे विदुषी). मान राहिला आणि क्रमही लागला.

राग कुठे लिहायचा हा पुढचा प्रश्न. टॅगांची ही सगळी रचना पाश्चात्त्य गाण्यांसाठी झालेली आहे, तिथे रागाला रकाना नाही. फ्लॅकमध्ये हवा तो नवा रकाना जोडता येतो, पण प्लेअर तो दाखवतीलच असं नाही. म्हणून आम्ही 'जॉनर' हा रकाना रागासाठी वापरला. नाहीतरी सगळ्यांपुढे 'क्लासिकल' लिहून काय मिळणार होतं? आता प्लेअरवर जॉनर उघडलं की अल्हैया बिलावलपासून हंसध्वनीपर्यंत रागांची यादी येते. एमपीथ्रीटॅग हा प्रोग्राम वापरलात तर शंभर फाईलींना एकदम टॅग लावता येतात. दोन-तीन रविवार जातात, पण ते काम एकदाच करायचं असतं.

देवनागरी हा आपल्या लोकांनी घेण्याआधी तपासायचा पहिला मुद्दा. काही स्वस्त प्लेअरांत देवनागरीच्या जागी चौकोन येतात. काहींत अक्षरं येतात पण जोडाक्षरं फुटतात, 'मल्लिकार्जुन'चा रफार भलतीकडेच जातो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरांत हा त्रास सहसा नसतो. स्वतःची छोटी प्रणाली असलेल्यांत फार असतो. आवडलेल्या प्लेअरला देवनागरी येत नसेल तर टॅग रोमनमध्ये करावे लागतील, आणि मग एकच स्पेलिंग धरून राहायची शिस्त पाळावी लागेल.

त्याच छोट्या प्रणालीच्या यंत्रांत आणखी एक मर्यादा लपलेली असते. कार्ड एक टीबीचं चालतं असं खोक्यावर छापलेलं असतं, पण सूचीत ठरावीक हजार गाण्यांपलीकडे घेत नाहीत. पुढची गाणी कार्डावर असून यादीत येतच नाहीत. कंपनीच्या पानावर 'कमाल गाणी' असा आकडा शोधा. अशा वेळी फोल्डरमधून थेट गाणं उघडायची सोय असेल तर निभावतं, म्हणून फोल्डरही कलाकार, मग राग, असे नीट लावून ठेवलेले बरे.

आपल्या संगीताच्या तीन चाचण्या

सीडीवर एकच राग दोन-तीन ट्रॅकांत तोडलेला असतो. आलाप, मग विलंबित, मग द्रुत. गाताना मध्ये खंड नसतो, तानपुरा अखंड चालू असते. काही प्लेअर दोन ट्रॅकांच्या मध्ये क्षणभर थांबतात. पॉप गाण्यांत हे कळतही नाही, पण इथे भरात आलेली तानपुरा कुणीतरी हाताने दाबावी तसं होतं. प्लेअरमध्ये 'गॅपलेस' असं लिहिलेलं असतं, पण ऐकून खात्री करा. एमपीथ्रीत फाईलच्या टोकांना थोडी शांतता आपोआप भरली जाते, त्यामुळे तिथे हा दोष जास्त. फ्लॅकमध्ये फाईल नेमकी जिथे संपते तिथेच संपते.

दुसरी, थांबलेल्या जागेवरून पुढे. सत्तर मिनिटांचा दरबारी, बाविसाव्या मिनिटाला दारावर कुणी आलं, यंत्र बंद केलं. परत लावल्यावर ते बाविसाव्या मिनिटावर यायला हवं. पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करून बघा, नुसतं पॉज करून नव्हे.

तिसरी, लांब फाईलीत पुढे-मागे जाणं. बोटाच्या रुंदीच्या पडद्यावर सत्तर मिनिटं पसरली की एक मिलिमीटर सरकवलं तर काही मिनिटं निघून जातात. बटणं असलेले प्लेअर इथे सरस ठरतात. ज्यांचे डोळे थकलेत किंवा बोटं थरथरतात त्यांच्यासाठी तर मी बटणांचाच आग्रह धरीन. अंधारात, उशाशी ठेवूनही ती चालवता येतात.

आवाजाच्या दर्जाबद्दल थोडक्यात. आज बऱ्या कंपनीचा कुठलाही प्लेअर सीडीइतकं नीट वाजवतो. साधे इयरफोन असतील तर ताकदीची चिंता नको. तीनशे ओहमचे, जास्त ताकद मागणारे मोठे हेडफोन असतील तरच प्लेअर ते पेलतो का ते पाहा. पैसे उरले तर ते हेडफोनवर घाला, फरक तिथे ऐकू येतो. ब्लूटूथवर ऐकणार असाल तर आवाज वाटेत पुन्हा एकदा गाळला जातो. एलडॅकसारख्या पद्धतीत सेकंदाला ९९० हजार बिटांपर्यंत जातात, तरी तेही सीडीच्या १४११ हजारांपेक्षा कमीच. फिरताना ब्लूटूथ चांगलं, घरी निवांत बसलं की वायर. बॅटरीचं म्हणाल तर अँड्रॉइडवाले प्लेअर न वाजवताही हळूहळू उतरतात, छोट्या प्रणालीचे आठवडा टिकून राहतात.

आणि खर्च करण्याआधी घरातला खण उघडून बघा. कार्डाची खाच आणि हेडफोनचं भोक असलेला जुना अँड्रॉइड फोन पडलेला असेल तर सिम काढा, एअरप्लेन मोड लावा आणि म्युझिकोलेटसारखं अ‍ॅप टाका, ते मोफत आहे आणि त्याला इंटरनेट लागतच नाही. देवनागरी नीट दिसते, सूची मोठी चालते. महिनाभर असं ऐकून पाहिलं की आपल्याला काय हवं आणि काय नको हे आपसूक कळतं. मामांकडे असा फोन नव्हता, एरवी मी तेच सुचवलं असतं.

प्लेअर ही तिजोरी नव्हे, हे मात्र विसरू नका. कार्ड सूचना न देता एका दिवशी मरतं. मूळ संग्रह संगणकावर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर, त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या घरात. मामांची दुसरी प्रत माझ्याकडे पुण्यात आहे. दर दिवाळीला नवीन भर घालतो आणि फ्लॅकचा पडताळा चालवून घेतो.

घ्यायला गेलो तेव्हा मी खिशात एक लहान कार्ड नेलं होतं. त्यात तोडलेल्या रागाचे दोन सलग ट्रॅक, सत्तर मिनिटांची एक फाईल, देवनागरी टॅगांचा एक अल्बम, ९६ हजारवाली एक फाईल, आणि नुसती संख्या वाढवायला छोट्या छोट्या पाच हजार फाईली. पहिल्या प्लेअरने रफार मोडले. दुसऱ्याने पाच हजारांची सूची करायला बराच वेळ घेतला आणि ट्रॅकांच्या मध्ये थांबला. तिसरा दिसायला जाडजूड होता, पण सगळ्यांत उतरला. मामांनी तो घेतला, सोबत ५१२ चं कार्ड. ते रात्रभर तपासून, भरून मग मी मिरजेला पाठवलं.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "अगं, ते रागांच्या यादीत गेलो होतो. मारवा उघडला तर सात निघाले. मला आपले चारच माहीत होते. उरलेले तीन कुणाचे, ते ऐकत बसलोय."